स्पर्धा नको, तालीम हवी

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. त्याच्या आगेमागे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मोठ्या कॉलेजच्या आवारात डोकावलं, तर देखावा बहुतेक सारखाच असतो. पोर्चमध्ये सुतळीला चिमट्यांनी लटकवलेली पोस्टरं. त्यांतल्या निम्म्यांवर माणसाचं डोकं, अर्धं काळं आणि अर्धं रंगीत. उरलेल्यांवर कवटीच्या आत लोकरीचा गुंता. एका कोपऱ्यात रांगोळी, फळ्यावर घोषवाक्य स्पर्धेचा निकाल. मैदानात एनएसएसच्या मुलामुलींचं पथनाट्य रंगात आलेलं असतं: काळे टी-शर्ट, कमरेला बांधलेल्या ओढण्या, डफ, आणि गोल करून उभे राहिलेले प्रेक्षक. कथानकही ओळखीचं. बापाला मुलगा डॉक्टर झालेला हवा असतो, ‘नीट’मध्ये मार्क कमी पडतात, शेजारचे काका टोमणा मारतात, मुलगा जीव देतो. मग सगळे ओळीत उभे राहून आत्महत्या हा उपाय नाही असं एका सुरात बजावतात. प्राचार्य दोन शब्द बोलतात, परीक्षकांना रोप मिळतं, सहभागाची प्रमाणपत्रं वाटली जातात आणि ‘नॅक’च्या मूल्यांकनाच्या फायलीत एका अहवालाची भर पडते.

मुलं मनापासून राबलेली असतात, त्यामुळे या सगळ्याला हसण्याचं कारण नाही. पण एवढ्या खटाटोपातून साधलं काय, हे विचारायला हवं. कलेच्या मदतीने मानसिक आरोग्याबद्दल जाग आणायची ही कल्पना मुळात चांगली आहे, आणि आपण तिचा सगळ्यात कमी कामाचा भाग उचलला आहे. आपण कलेला निरोप्या करून टाकलं. तज्ज्ञांनी निरोप लिहून द्यायचा आणि मुलांनी तो रंगवून, गाऊन, ओरडून पोचवायचा. गेल्या काही वर्षांतला पुरावा मात्र वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. अवघड गोष्ट तोंडातून काढण्याचा सराव करून घेणं हे कलेचं खरं काम आहे, आणि तो सराव कामी यायचा तर ऐकून घेणारं माणूस जवळपास असावं लागतं.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यांत १३,०४४ विद्यार्थी होते. राज्यवार यादीत विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांमध्ये महाराष्ट्र सर्वांत वर होता, १,७६४. राज्य मोठं, नोंदणी त्यातल्या त्यात बरी, हे धरूनही आकडा लहान होत नाही. याच अहवालात परीक्षेतलं अपयश हे कारण नोंदवलेले मृत्यू २,२४८ आहेत. हे सगळेच्या सगळे विद्यार्थी होते असं मानलं, तरी उरलेल्या दहा हजारांहून जास्त मुलांबद्दल आपल्या पथनाट्यातला बाप, ‘नीट’ आणि टोमणा मारणारे काका काहीच सांगत नाहीत. घरातली भांडणं, प्रेमातला नकार, आजारपण, व्यसन, पैशाची चणचण, जातीवरून होणारा अपमान, आणि पुष्कळदा यांतल्या तीन-चार गोष्टींची एकत्र गुंतागुंत, असं ते असतं. एक कारण, एक खलनायक आणि एक घोषणा या साच्यात ते मावत नाही. निमहान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. त्या पाहणीत बारा राज्यं होती आणि त्यांत महाराष्ट्र नव्हता, म्हणजे आपल्या मुलांचा अंदाजही आपण दुसऱ्यांच्या मोजमापावरून करतो.

या मुलांना माहिती नसते म्हणून ती मदत मागत नाहीत, असं आपण धरून चालतो. पण ‘डिप्रेशन’ हा शब्द आता तालुक्याच्या गावातही कॅन्टीनमध्ये सर्रास ऐकू येतो. सबमिशन राहिलं की मुलं ‘जाम डिप्रेस्ड आहे यार’ म्हणतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कित्येक पोस्टरांवर असतो. अडतं ते पुढे. चार रात्री झोप न लागलेल्या मुलीला मैत्रीण विचारते, ‘काय गं, बरी आहेस ना?’ आणि ती म्हणते, ‘हो, काही नाही, डोकं दुखतंय.’ मैत्रिणीलाही कळतं की डोकं दुखत नाहीये. पुढचं वाक्य दोघींनाही येत नाही, कारण ते त्यांनी कधी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नसतं. पोस्टर इथे तोकडं पडतं. ते माहिती देऊ शकतं, तोंडातली गाठ सोडवू शकत नाही.

याला आधार देणारा एक मोठा अभ्यास युरोपात झाला. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या दानुटा वासरमान यांच्या नेतृत्वाखाली दहा देशांतल्या १६८ शाळा आणि ११,११० विद्यार्थी यांना घेऊन तो केला गेला आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळांचे चार गट पाडले होते. एका गटात शिक्षकांना धोक्याची लक्षणं ओळखायला शिकवलं. दुसऱ्यात मुलांकडून प्रश्नावली भरून घेऊन, गरज असणाऱ्यांना तज्ज्ञांकडे पाठवलं. तिसऱ्यात मुलांसाठी छोटा कार्यक्रम होता, आणि त्यातला मोठा वाटा भूमिका करून पाहण्याचा होता: ताण आला तर, मित्र खचला तर, मनात मरणाचे विचार आले तर काय करायचं, याचे प्रसंग मुलांनी स्वतः उभे करायचे. चौथा तुलनेसाठीचा गट, आणि त्याला काय दिलं होतं? वर्गाच्या भिंतीवर माहितीची पोस्टरं. बारा महिन्यांनी पाहिलं तेव्हा शिक्षकांचं प्रशिक्षण आणि प्रश्नावली या दोन्हींचा ठसठशीत परिणाम दिसला नाही. भूमिका करून पाहणाऱ्या गटात मात्र नव्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी मुलं १४ निघाली, आणि नुसती पोस्टरं पाहणाऱ्या गटात ३४. टक्केवारीत ०.७० आणि १.५१, म्हणजे निम्म्याहून कमी. भूमिका करणाऱ्यांच्या वर्गातही तीच पोस्टरं होती, त्यामुळे फरक कुठून आला असावा याचा तर्क फार लांब जात नाही. युरोपातल्या शाळा आणि आपल्या ऐंशी मुलांच्या तुकड्या यांत अंतर आहे, हे खरं. पण ती मुलंही पंधराच्या आसपासचीच होती, आणि संकोच काही एकट्या आपल्या मुलांना नसतो.

भूमिका करून पाहणं म्हणजे नेमकं काय, हे एका प्रवेशातून समजेल. ब्राझीलचे नाटककार ऑगस्तो बोआल यांनी ‘फोरम थिएटर’ नावाचा प्रकार रूढ केला. आपल्याकडे पश्चिम बंगालमधली ‘जन संस्कृती’ ही संस्था १९८५ पासून त्या वाटेने काम करते आहे. समजा, रंगमंचावर हॉस्टेलची खोली आहे. कॉटवर पांघरूण डोक्यावर ओढून एक मुलगा पडलेला. रूममेट येतो. ‘काय रे, मेसला नाही आलास?’ ‘भूक नाही.’ ‘कालपण नव्हतास.’ ‘सांगितलं ना, भूक नाही.’ ‘बरं, निघतो मी, प्रॅक्टिकल आहे.’ प्रवेश संपला. आता सूत्रधार विचारतो, या रूममेटच्या जागी कोण येतंय? पहिला येतो तो हमखास भाषण ठोकतो: आयुष्य सुंदर आहे, असं खचून जायचं नसतं. कॉटवरचा मुलगा प्रामाणिकपणे खेळत असेल तर भिंतीकडे तोंड फिरवतो. दुसरी विनोद करून पाहते, प्रेक्षक हसतात, कॉटवरचा हसत नाही. तिसरा खाली फरशीवर बसतो, ‘डबा इथेच आणू का?’ एवढंच विचारतो आणि गप्प राहतो. बऱ्याच वेळाने पांघरुणातून आवाज येतो, ‘एकही सबमिशन झालेलं नाहीये माझं.’ आणि मग तो प्रश्न येतो, ज्यासाठी ही सगळी मांडामांड: ‘तुला मरून जावंसं वाटतंय का?’ असं थेट विचारलं तर नसलेला विचार मनात पेरला जातो, ही समजूत चुकीची असल्याचं जागतिक आरोग्य संघटना वारंवार सांगत आली आहे. तरीही पहिल्यांदा हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळते. चौथ्या-पाचव्या वेळी ते साध्या आवाजात निघतं. शेवटी ‘चल, उद्या मॅडमकडे जाऊ, मी येतो बरोबर’ हे वाक्य सापडलं की प्रवेश पूर्ण. यात बक्षीस कुणाला द्यायचं हा प्रश्नच उरत नाही.

महाराष्ट्राला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘पुरुषोत्तम करंडक’ ही एकांकिका स्पर्धा १९६३ पासून सुरू आहे, आणि एकांकिकेच्या तालमीत मुलं महिना-दीड महिना रोज तीन-चार तास एकमेकांच्या सहवासात असतात हे प्रत्येक कॉलेजला ठाऊक आहे. प्रयोग पस्तीस-चाळीस मिनिटांचा. शिक्षण तालमीत होतं. पात्र असं का वागलं, या एका प्रश्नावर तिथे जितकी चर्चा झडते तितकी मानसशास्त्राच्या तासालाही होत नसेल. सामाजिक नाटकाचा धडाही घरचाच आहे. ज्योती म्हापसेकर यांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक स्त्री मुक्ती संघटनेने १९८३ पासून गावोगाव केलं. नाटक पाहून बाईला आपल्या घरातलं बोलावंसं वाटलं, तर पुढे जायचं कुठे, याचंही उत्तर लागतं. ही संघटना सल्ला केंद्रंही चालवते. ज्या कॉलेजात पथनाट्य आहे पण समुपदेशक नाही, त्याने या उदाहरणाचा अर्धाच भाग घेतला.

हा दुसरा अर्धा भाग किती मोलाचा, ते बिहारमधल्या एका प्रयोगाने दाखवलं. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगत’ या संस्थेच्या संशोधकांनी नालंदा जिल्ह्यातल्या सत्तरहून अधिक शाळा घेऊन नववीच्या मुलांसाठीच्या ‘सेहर’ नावाच्या उपक्रमाची चाचणी घेतली. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रार्थनेच्या वेळी छोटे प्रवेश आणि गप्पा, दर महिन्याला मुलांचं भित्तिपत्रक, कविता-चित्रकलेच्या स्पर्धा, मनातलं लिहून टाकायची पेटी, आणि ज्याला हवं त्याला एकट्याने भेटून बोलायची सोय, असं त्याचं रूप होतं. एका गटातल्या शाळांत हे सगळं बाहेरून नेमलेल्या समुपदेशकाने केलं, दुसऱ्या गटात तेच काम शाळेतल्याच शिक्षकाकडे दिलं. समुपदेशक असलेल्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्याची लक्षणं कमी झाली, दादागिरी आणि मारामाऱ्या घटल्या. शिक्षकांच्या शाळांत जवळपास काहीच बदललं नाही. तेच भित्तिपत्रक, तीच पेटी, त्याच स्पर्धा! शिक्षक वाईट होते असा याचा अर्थ लावणं अन्यायाचं होईल. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंतची कामं ज्याच्या डोक्यावर आहेत, त्याने हेही करायचं ही अपेक्षाच जास्तीची. शिवाय जो मार्क देतो आणि पालकांना बोलावून घेतो, त्याच्या पेटीत घरातली गोष्ट कोण टाकेल? पेटी ठेवणाऱ्या प्रत्येक शाळेने आधी ठरवावं की किल्ली कोणाकडे असणार. ती मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर पेटीत पंख्याच्या आणि पाण्याच्या टाकीच्या तक्रारी येतील, दुसरं काही येणार नाही.

कला घातकही ठरू शकते, हे कलाप्रेमींनी आधीच कबूल केलेलं बरं. २०१७ च्या मार्चमध्ये ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही अमेरिकी मालिका नेटफ्लिक्सवर आली. शाळकरी मुलीच्या आत्महत्येभोवती फिरणाऱ्या या मालिकेत तो प्रसंग सविस्तर दाखवला होता. त्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयोगटातल्या आत्महत्या वाढल्याचं एका अभ्यासात आढळलं. त्या निष्कर्षावर संशोधकांत वाद आहे, पण २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने तो प्रसंग कापला. त्याच २०१७ साली लॉजिक नावाच्या रॅपरने आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइनचा क्रमांकच शीर्षक म्हणून दिलेलं गाणं काढलं. त्यात मरणाच्या काठावरचा माणूस फोन करतो, पलीकडचा ऐकून घेतो, माणूस जगतो. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०२१ च्या अभ्यासानुसार, गाण्याची सर्वाधिक चर्चा असलेल्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला अपेक्षेपेक्षा ९,९१५ फोन जास्त आले आणि आत्महत्या २४५ ने कमी झाल्या. विषय एक, माध्यमं लोकप्रिय, वर्षही एकच. एकाने मरण दाखवलं, दुसऱ्याने मदत मागणं दाखवलं. आपल्या स्पर्धांत काळोखात शेवट झाला की टाळ्या हमखास, हे सांगायला परीक्षक असावं लागत नाही. म्हणून पथनाट्य लिहिणाऱ्या मुलांना निदान एवढं सांगितलं पाहिजे: आत्महत्येची पद्धत दाखवू नका, एकच कारण चिकटवू नका, मरणाला सूड किंवा सुटका म्हणून सजवू नका. रंगमंच आणि पडद्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये अशी मार्गदर्शिकाच काढली आहे. यामुळे नाटक बेचव होतं असं कुणाला वाटत असेल, तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ पाहावा. नैराश्यातल्या तरुणावरच्या त्या चित्रपटात बरंचसं काम शेजारी बसून राहण्यानेच होतं, आणि त्याला २०१६ चा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

एक आक्षेप अलीकडे जोर धरतो आहे आणि तो हलका नाही. मानसिक आरोग्याबद्दल सतत बोलत राहिल्याने मुलं साध्या उदासीलाही आजार समजू लागतात, असं ऑक्सफर्डच्या लुसी फोक्स आणि त्यांचे सहकारी म्हणतात. ब्रिटनमध्ये ८५ शाळा घेऊन केलेल्या एका प्रयोगात सुमारे निम्म्या शाळांतल्या मुलांना माइंडफुलनेसचे धडे दिले गेले. २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा नेहमीच्या तासांपेक्षा त्यांचा जास्त फायदा दिसला नाही. मला हा आक्षेप बऱ्याच अंशी पटतो, आणि म्हणूनच चिंतेच्या विकाराची दहा लक्षणं पोस्टरवर लिहून काढायला लावणं मला धोक्याचं वाटतं. वाचणाऱ्या प्रत्येकात त्यांतली पाच सापडतातच. पण वरच्या प्रवेशात रोगाचं नावच नाही. तिथे मेस आहे, सबमिशन आहे, पांघरूण आहे. मुलगा आजारी आहे की नुसता दमला आहे, हे ठरवण्याचं काम रूममेटकडे दिलेलंच नाही. त्याने फक्त विचारायचं आणि बरोबर जायचं. चांगली कथा तपशिलात राहते, आणि तपशिलात राहिलं की शिक्के मारायचा मोह आपोआप आवरतो.

दुसरा आक्षेप डाव्या बाजूचा. फी वाढवायची, नोकरभरती रखडवायची, क्लासमध्ये चाचणीच्या रँकप्रमाणे मुलांच्या बॅचेस पाडायच्या आणि वर मुलांना चित्रं काढून मोकळं व्हा म्हणायचं, हे ढोंग आहे. बरोबर आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये आखून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा असं म्हटलं आहे, आणि गुणांवरून मुलांचे वेगळे गट पाडू नयेत, त्यांना चारचौघांत लाजवू नये, असंही म्हटलं आहे. म्हणजे कारण मुलाच्या डोक्यात जितकं तितकंच फलकावर लावलेल्या रँकच्या यादीतही असतं, हे न्यायालयालाही दिसलं. मात्र म्हणून कला बाजूला ठेवावी हे काही पटत नाही. त्या यादीवर पहिलं धारदार नाटक मुलंच लिहितील, जर संहिता आधी तपासून त्यातला ‘सरांचा’ प्रवेश कापला नाही तर. संस्थेची कसोटी इथे लागते. बापावर टीका करणारं पथनाट्य प्रत्येक कॉलेजला चालतं. वसतिगृहाच्या रेक्टरवर केलेलं किती जणांना चालेल?

जी मुलं रंगमंचावर जाणार नाहीत त्यांचं काय, हाही प्रश्न रास्त आहे, कारण सगळ्यात काळजी वाटावी अशी मुलं बहुधा तीच असतात. त्यांच्यासाठी निनावी भित्तिपत्रक आहे, डायरी आहे, वर्गाच्या मागच्या बाकावर काढलेली चित्रकथा आहे. मनातलं लिहून काढण्याबद्दल अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग गाजले. पुढे अशा अनेक अभ्यासांची बेरीज केली तेव्हा फायदा आढळला, पण लहान. तो लहानच सांगावा. कला म्हणजे उपचार नव्हे. कलोपचार ही प्रशिक्षित माणसाने करायची वेगळी गोष्ट आहे, आणि ज्याला औषध लागतं त्याला कविता पुरत नाही. लिहिलेलं कुणीतरी वाचतं आणि त्यानंतर हळूच विचारपूस होते, यातून जे होतं ते एकट्या वहीतून होत नाही.

एवढे समुपदेशक आणायचे कुठून, असं विचारलं जाईलच. देशात दर लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही. पण नालंदातले ते समुपदेशक डॉक्टर नव्हते. थोडं प्रशिक्षण आणि सतत देखरेख मिळालेली साधी माणसं होती. दोन-तीन शेजारच्या शाळांनी मिळून असं एक माणूस नेमणं अशक्य नाही. वेळापत्रकाचं काय करायचं, हे त्याहून सोपं आणि बिनखर्चाचं आहे. आज आपले सगळे कार्यक्रम ऑक्टोबरात होतात, जेव्हा निकाल लांब असतात. अकरावीला नवं कॉलेज आणि नवं शहर अंगावर येतं ते पावसाळ्यात. बारावीची पोरं एकटी पडतात ती डिसेंबर-जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या सुमाराला. निकाल लागतात उन्हाळ्यात, तेव्हा शाळा बंद असतात आणि नाट्यगटातली मुलं गावी गेलेली असतात. तालीम जुलैपासून आठवड्याला एक तास ठेवली, भित्तिपत्रक जानेवारीतही निघालं, आणि निकालाच्या आठवड्यात समुपदेशकाचा फोन चालू राहून तालमीतल्या दहा-बारा मुलांनी आपापल्या तुकडीतल्या प्रत्येकाला एकेक फोन करायचा असं ठरलं, तर खर्च पोस्टर स्पर्धेच्या ट्रॉफ्यांपेक्षा कमीच येईल. फोनवर काय बोलायचं ते त्यांनी जुलैपासून घोटून ठेवलेलं असेल.